शिकारी रायफल लांब पल्ल्याच्या टार्गेटसाठी: काय बदलावं, काय राहू द्यावं?

शोधक३०८

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायचं धाडस करतोय.

वडिलांची एक बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल रीतसर माझ्या नावावर झाली आहे. .३०८ विंचेस्टर, २२ इंची पातळ नळी, अक्रोडाचा दस्ता, वर ३-९×४० चा जुना स्कोप. मी शिकार करत नाही, करणारही नाही. मला रेंजवर कागदावर मारायचंय. सुरुवातीला ३०० यार्ड, मग ६०० आणि जमलंच कधी तर १०००.

सध्याची परिस्थिती अशी की १०० यार्डांवर पहिल्या तीन गोळ्या इंचाच्या आत बसतात. चौथी-पाचवी वर उजवीकडे चढत जाते, पाचव्या गोळीपर्यंत दोन इंच तरी. रेंजवरच्या दोघांनी सांगितलं की पातळ नळी तापते, जाड नळी बसव. तिसरा म्हणाला चॅसी, म्हणजे लाकडी दस्त्याऐवजी धातूचा सांगाडा, घे. चौथा म्हणाला स्कोप फेकून दे. सगळं ऐकायचं तर वडिलांच्या रायफलीतला फक्त बोल्ट शिल्लक राहील.

सुरुवात कुठून करू?

सरळसोट

विकून टाका आणि टार्गेटसाठीच बनवलेली घ्या. दस्ता, नळी, चाप, स्कोप असं एकेक बदलत गेलात की खर्च नव्या रायफलीच्या पुढे जातो आणि हातात राहते ती ना धड शिकारी, ना धड टार्गेटची. स्वानुभव आहे.

जुनाखोड

सरळसोट यांचं गणित चूक नाही, पण वडिलांची रायफल विका हा सल्ला देणं सोपं असतं. शोधकराव, एकही पैसा खर्च न करता आधी चार गोष्टी बघा.

पहिली, नळी आतून साफ करा. खरी साफ. शिकारी रायफलींना वर्षानुवर्षं फक्त तेलाचा बोळा फिरवलेला असतो आणि खाली तांब्याचे थर तसेच. तांबं काढणाऱ्या द्रावणाचा बोळा निळा येणं थांबेपर्यंत काम करा. पितळी ब्रश किंवा पितळी जॅग (बोळा धरणारं टोक) वापरलात तर त्याचाच निळा रंग येतो आणि माणूस उगाच आठवडाभर घासत बसतो, तेवढं सांभाळा.

दुसरी, नळीचं तोंड. म्हणजे क्राउन. गाडीत ठेवताना, झाडाला टेकवताना तिथे टवका गेलेला असू शकतो. कापसाचा बोळा फिरवून बघा, कुठे धागा अडकला तर तिथे खोट आहे.

तिसरी, स्कोपखालचे बेसचे स्क्रू. रिंगा काढून खालचे तपासा. वरून घट्ट दिसतात आणि खाली डुलत असतात.

चौथी, कागदाची पट्टी. नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकवत मागे न्या. कुठे अडते ते पेन्सिलने लिहून ठेवा.

हे झाल्यावर परत या. तोवर नळी कापायची भाषा नको.

लेथवाला

जुनाखोड यांच्याशी सहमत. भर एवढीच की "वर उजवीकडे चढते" हे लक्षण महत्त्वाचं आहे. नुसती नळी तापली तर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, बहुतेक वेळा सगळीकडे पसरतो. ठरावीक एकाच दिशेला गोळ्या चालायला लागल्या तर नळीला कुठेतरी काहीतरी टेकतंय असा संशय घ्यावा. पातळ नळीतला ताणसुद्धा असं करतो हे खरं, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा.

नेमिष्ठा

मी एफ-क्लास मारते, म्हणून माझं नाक थोडं वेगळ्या दिशेला. रायफलीत बदल करण्याआधी कुठल्या स्पर्धेत उतरायचं ते ठरवा, कारण नियम त्याप्रमाणे बदलतात. एफ-क्लास हा प्रकार कॅनडातल्या जॉर्ज फार्क्युहारसन यांच्यामुळे सुरू झाला. एफ हे अक्षर त्यांच्याच नावातलं. वय झालं, डोळे आणि खांदे थकले, पट्टा लावून झोपून मारणं जमेना, तर पुढे आधार आणि वर दुर्बीण लावून खेळू द्या, एवढीच मूळ कल्पना. त्यातला एफ-टीआर हा गट तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. काडतूस .३०८ किंवा .२२३, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू), मागे वाळूची पिशवी. रायफल, स्कोप आणि बायपॉड मिळून वजन ८.२५ किलोच्या आत. एफ-ओपनमध्ये १० किलोपर्यंत जाता येतं, पण तिथे .३०८ घेऊन जाणं म्हणजे सायकलवरून घाट चढणं.

आणि मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला लावतात तो तुकडा, बसवायचा मोह होत असेल तर थांबा. एफ-क्लासमध्ये चालत नाही. शेजारी झोपलेल्याच्या कानाचं काय होतं ते एकदा त्याच्या जागी झोपून बघा म्हणजे कळेल.

१००० यार्डांच्या टार्गेटवर आमचं दहाचं वर्तुळ १० इंचांचं असतं, आतलं एक्स ५ इंचांचं. म्हणजे साधारण एक एमओए आणि अर्धा एमओए. रायफलीकडून काय हवंय याचा अंदाज येईल.

मधलीसुट्टी

एमओए म्हणजे? माझ्यासारख्या अडाण्यांसाठी कुणीतरी लिहा की.

तिरकीरेघ

मिनिट ऑफ अँगल. एका अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर १.०४७ इंच, म्हणजे २.७ सेंमीच्या आसपास. अंतर दहापट झालं की तेही दहापट, १००० यार्डांवर साडेदहा इंच. काही स्कोप मिलमध्ये मोजतात. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी, किंवा ३.४४ एमओए. दोन्ही पद्धती ठीक आहेत, फक्त रेटिकल (स्कोपातल्या रेघा) एमओएचं आणि टरेट (नेम सरकवायच्या चकत्या) मिलचे अशी वरात घेऊ नका. जुन्या स्कोपात हा घोळ सर्रास असतो.

शोधक३०८

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

नळीतून जे निघालं ते बघून लाज वाटली. तीन संध्याकाळी गेल्या. क्राउन ठीक आहे. बेसचा मागचा एक स्क्रू बोटांनी फिरत होता! तो घट्ट केला. कागदाची पट्टी मात्र दस्त्याच्या टोकाला अडकते, शेवटच्या दीड-दोन इंचात. तिथे लाकडाला आतून मुद्दामच उंचवटा ठेवल्यासारखा दिसतोय. हा दोष आहे की कारखान्यानेच दिलाय?

परत मारून बघितलं. पहिल्या तीन आता पाऊण इंचात. चौथी-पाचवी अजूनही चढते, पण पूर्वीपेक्षा कमी.

लेथवाला

कारखान्यानेच दिलाय. याला प्रेशर पॉइंट म्हणतात. पातळ नळीला टोकाशी थोडा दाब दिला की तिची थरथर आटोक्यात राहते आणि थंड नळीतून जाणाऱ्या पहिल्या दोन-तीन गोळ्या एका जागी पडतात. शिकाऱ्याला तेवढंच हवं असतं. त्याला विसावी गोळी मारायचीच नसते. तुम्हाला मारायची आहे. नळी तापली, लाकूड हललं, हवेत दमटपणा आला की त्या दाबाचं माप बदलतं आणि नेम सरकतो.

तो उंचवटा घासून नळी मोकळी करता येईल, म्हणजे फ्री-फ्लोट. पण नुसतं तेवढं करू नका.

सरळसोट

माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. उंचवटा घासला आणि ग्रुप दुप्पट झाला. मग नळी बदलली, मग दस्ता बदलला...

जुनाखोड

कारण खाली ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो धातूचा भाग, डुगडुगत होती. पुढचा टेकू काढून घेतला आणि मागचा पाया तसाच ठेवला. आधी बेडिंग, म्हणजे ॲक्शनला पक्की बैठक, मग फ्लोट.

थोडं सविस्तर लिहितो. ॲक्शन लाकडात बसते ती खरं म्हणजे दोन-तीन ठिकाणीच टेकलेली असते. गोळी सुटली की रिकॉइल लग, म्हणजे खालचा तो जाड दात, लाकडावर आपटतो. लाकूड दबतं, पुढच्या गोळीला ॲक्शन केसभर वेगळ्या जागी बसते. त्यावर उपाय दोन. स्क्रूभोवती ॲल्युमिनियमचे पिलर बसवायचे, म्हणजे स्क्रू आवळल्यावर लाकूड चेपत नाही. आणि लगच्या मागच्या बाजूला व ॲक्शनखाली इपॉक्सीचा थर द्यायचा, म्हणजे ॲक्शनला तिच्याच मापाचा साचा मिळतो. लगच्या पुढे, बाजूंना आणि खाली मात्र टेपचा थर लावून जागा मोकळी सोडा. लगने फक्त मागच्या बाजूने टेकायचं.

अमेरिकी मरीन कोअरने १९६६ मध्ये रेमिंग्टन ७०० ही मुळात शिकारी घराण्यातली रायफल उचलून एम-४० केली. व्हिएतनामच्या दमट जंगलात तिचे लाकडी दस्ते फुगले, वाकले. पुढे १९७० च्या दशकात एम-४०ए१ करताना त्यांनी फायबरग्लासचा दस्ता घेतला. नळी आणि ॲक्शन चांगली असूनही लाकडाने दगा दिला तर काय होतं याचं हे ठळक उदाहरण. पण तुमची रायफल जंगलात राहणार नाही. आतून-बाहेरून लाकूड नीट सील केलं, विशेषतः नळीची खाच आणि बटप्लेटखालचा उघडा भाग, तर अक्रोड वर्षानुवर्षं टिकतो.

मधलीसुट्टी

इपॉक्सी म्हणजे ॲक्शन कायमची चिकटत नाही का?

लेथवाला

चिकटते की! माझी पहिली चिकटली होती. रिलीज एजंट सगळीकडे लावला आणि लगच्या मागच्या कोपऱ्यात विसरलो. स्क्रूच्या भोकात इपॉक्सी गेलं ते वेगळंच. रात्रभर रायफल फ्रीजरमध्ये कोंबून ठेवली, सकाळी रबरी हातोडीने हलके ठोकून सुटली. घरच्यांनी आइस्क्रीमच्या डब्याशेजारी बटप्लेट बघितली त्यावर दोन दिवस चर्चा झाली. तेव्हा बूटपॉलिशसारखं काहीतरी दोनदा लावा, सगळी भोकं प्लॅस्टिसिनने बुजवा, आणि पहिल्यांदा करत असाल तर जाणत्याच्या शेजारी बसून करा.

ही झाली लाकडाची कामं. नळी बदलणं, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) कापणं, हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी मोकळीक) मोजणं हे परवानाधारक कारागिराचंच काम, त्यात हौस नको. हेडस्पेस चुकलं तर काडतुसाचं कवच चेंबरमध्ये फाटतं. शिवाय नळी किंवा कॅलिबर बदललं की बऱ्याच देशांत परवान्यावर नोंद बदलावी लागते. आधी ते विचारा, मग ऑर्डर द्या.

नेमिष्ठा

चापाबद्दल कुणी बोललंच नाही. शिकारी चाप बहुधा दीड-दोन किलोचा असतो आणि त्यात खरखर असते. वजनापेक्षा ती खरखर जास्त त्रास देते. साफ तुटणारा एक किलोचा चाप पुरेसा आहे, सुरुवातीलाच पाव किलोवर जाऊ नका. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड रायफल प्रकारात तर चाप किमान १५०० ग्रॅम असावा असा नियमच आहे, आणि ती मंडळी १०० मिलिमीटरच्या दहामध्ये गोळ्या घालतात. चाप बदलल्यावर बोल्ट जोरात आपटून, सेफ्टी चालू-बंद करून, रिकाम्या रायफलीवर तपासल्याशिवाय रेंजवर आणू नये.

आणि गालाचा टेकू. शिकारी दस्ता खाली उतरलेला असतो. स्कोप उंच गेला की हनुवटीवर रायफल धरून मान ताणून बघावं लागतं. फोमची पट्टी आणि पट्टा बांधा. दिसायला भिकार, उपयोगाला उत्तम.

शोधक३०८

स्कोपचं काय? ३-९ ने ६०० यार्डांवर मारता येईल का?

तिरकीरेघ

दिसेल. प्रश्न मोठं दिसण्याचा नसतो, टरेट किती फिरतो याचा असतो. हिशोब मांडू.

.३०८ मधून १७५ ग्रेन वजनाची मॅच (स्पर्धेची) गोळी २६०० फूट प्रति सेकंदाने निघाली आणि झीरो, म्हणजे जुळवलेला नेम, १०० यार्डांवर असला, तर ६०० यार्डांसाठी साधारण १६ एमओए वर जावं लागतं. १००० साठी ३८ ते ४०. एक इंची नळीच्या शिकारी स्कोपात वरखाली मिळून ५० च्या आसपास एमओए असतात, म्हणजे मध्यावरून वर जायला २५. तेव्हा ६०० होतं, १००० होत नाही. स्कोपखाली २० एमओए उताराचा रेल (स्कोप बसवायची पट्टी) घातला तर वरची जागा ४५ होते आणि १००० जेमतेम आवाक्यात येतं. नव्या स्कोपआधी रेल घ्या, तो पुढच्या स्कोपलाही लागेलच.

जुन्या स्कोपच्या आणखी दोन अडचणी. पॅरलॅक्स १०० किंवा १५० यार्डांवर कायमचा बांधलेला असतो, त्यामुळे लांबवर डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर पोहतो. आणि टरेट खरंच सांगतात तेवढे फिरतात का, हे कुणी तपासलेलं नसतं. १०० यार्डांवर उंच कागद लावा, ओळंब्याने उभी रेघ मारा, खाली एका ठिपक्यावर नेम धरून मारा. मग २० एमओए वर फिरवून त्याच ठिपक्यावर मारा. दोन ग्रुपांत २०.९ इंच, म्हणजे ५३ सेंमी अंतर हवं. ५० निघालं तर स्कोप खोटं बोलतोय. एकदा कळलं की तेवढा फरक धरून चालता येतं, दर वेळी वेगळं बोलत असेल तर निरोप द्या.

त्याच उभ्या रेघेवरून गोळ्या तिरक्या गेल्या तर स्कोप वाकडा बसलाय. माझं टोपणनाव त्यावरूनच पडलं. १००० यार्डांसाठी ३८ एमओए चढवल्यावर रायफल फक्त एक अंश कलली तरी गोळी १८ सेंमी बाजूला जाते. तीन अंशांना अर्धा मीटर. आणि झोपून, उताराच्या जमिनीवर तीन अंश कलल्याचं माणसाला कळत नाही. स्कोपवर छोटा पाणसळ लावा. या धाग्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच असेल.

शोधक३०८

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.

ओळखीच्या एका जाणत्या कारागिराबरोबर बसून बेडिंग केलं, पिलर बसवले, मग उंचवटा घासला. फ्रीजरची वेळ आली नाही. पट्टी आता चेंबरपर्यंत मोकळी जाते. तरीही पहिल्या दिवशी गोळ्या चढतच होत्या! डोकं धरून बसलो होतो. मग शेजारी मारणाऱ्या बाईंनी बायपॉडवर रायफल असतानाच पट्टी सरकवायला सांगितली. अडकली. खांद्याने पुढे रेटलं की पातळ लाकडाचा पुढचा भाग वर वाकतो आणि नळीला टेकतो. गादीवर ठेवून तपासलं होतं तेव्हा मोकळी दिसत होती. खाच आणखी खोल केली, आतून कार्बनच्या दोन कांड्या इपॉक्सीत बसवल्या. आता बसतं.

सावकाश, नळी हाताला सोसेल इतकीच तापू देत, दहा गोळ्या. १०० यार्डांवर सगळ्या ३ सेंमीत. तीन गोळ्यांचे पाऊण इंचाचे ग्रुप बघून खूश होणं सोडून दिलंय.

मग ६०० ला गेलो. उभं पसरणं खूप आहे, आडवं त्याहून. आता तरी नळी?

जुनाखोड

बायपॉडवरची ती तपासणी माझ्या यादीत असायला हवी होती, नव्हती. शेजारच्या बाईंना नमस्कार सांगा.

गोळी कुठली मारताय?

शोधक३०८

घरात वडिलांची जी शिल्लक होती तीच. १५० ग्रेनची, मऊ टोकाची शिकारी.

नेमिष्ठा

अहो!

ती हरणासाठी आहे. आधी पीळ, म्हणजे नळीतल्या खाचांचा एक फेरा किती इंचांत होतो ते, मोजा. क्लीनिंग रॉडला घट्ट बोळा लावून आत ढकला, रॉडवर खूण करा, एक पूर्ण फेरा होईपर्यंत रॉड किती इंच आत गेला ते बघा. .३०८ मध्ये बहुतेक १० किंवा १२ निघेल. दोन्हींना १७५ ग्रेन चालते. १६८ ग्रेनची प्रसिद्ध मॅच गोळी ६०० पर्यंत सुरेख जाते, पण तिचं मूळ काम ३०० मीटरचं. शेपटीचा उतार तीव्र असल्याने वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरला की ती डळमळते आणि १००० ला कागदावर आडवी भोकं दिसतात. १७५ ची शेपटी त्यासाठीच सुधारलेली.

उभ्या पसरण्याचं कारण बहुधा वेगातला फरक. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मिळवा. दोन गोळ्यांत ३० फूट प्रति सेकंदाचा फरक असेल तर ६०० ला ७-८ सेंमी, १००० ला पाव मीटरहून जास्त. १०० यार्डांवर हा फरक दिसतच नाही, म्हणून माणूस रायफलीला दोष देतो.

वाऱ्याशीगप्पा

आणि आडव्या पसरण्याचं कारण मी. म्हणजे वारा.

ताशी १० मैलांचा आडवा वारा .३०८ च्या १७५ ग्रेन गोळीला ६०० ला पाऊण मीटरहून जास्त ढकलतो, १००० ला सव्वादोन ते अडीच मीटर. ६.५ क्रीडमूर या दुसऱ्या काडतुसाची १४० ग्रेन गोळी त्याच वाऱ्यात १००० ला दीड-पावणेदोन मीटर जाते. म्हणून सगळे ६.५ कडे पळतात. तुमच्या ॲक्शनला तेही शक्य आहे, बोल्टचं तोंड त्याच मापाचं असतं, नळी बदलली की झालं. पण .३०८ ची नळी चार-पाच हजार गोळ्या सहज जाते, ६.५ ची त्याच्या निम्म्यात थकते. ज्याला वारा वाचायला शिकायचंय त्याने .३०८ वरच शिकावं. चूक लगेच दाखवते.

झेंड्यांकडे बघून थांबू नका. स्कोप टार्गेटच्या थोडा अलीकडे फोकस करा, मृगजळ दिसेल. सरळ वर उकळत असेल तर वारा नाही, किंवा अगदी तोंडावर अथवा पाठीवर आहे. लाटा एका बाजूला पळायला लागल्या की तिकडे वारा. पूर्ण आडव्या पळताना दिसल्या की ताशी १० मैलांच्या पुढे गेलात, त्यानंतर मृगजळ फारसं काही सांगत नाही. उकळीच्या क्षणी मारू नका, वारा दिशा बदलण्याच्या बेतात असतो. दहाऐवजी पडलेले माझे निम्मे सात आणि आठ त्याच क्षणाचे आहेत.

लेथवाला

नळीचं उत्तर देऊन टाकतो. ३ सेंमीत दहा गोळ्या म्हणजे सव्वा एमओएच्या आत. शिकारी नळीकडून याहून जास्त मागणं अन्याय आहे. जाड २६ इंची मॅच नळी लावली तर इंचामागे २०-२५ फूट प्रति सेकंद वेग वाढेल, लांब मालिकेत नेम स्थिर राहील. १००० ला ते लागेलच. ६०० ला आत्ता तुमचे गुण नळी खात नाहीये.

आणि जुनी नळी काढाल तेव्हा तेल लावून, क्रमांकासकट, कागदपत्रांबरोबर ठेवा.

शोधक३०८

पीळ १० चा निघाला. १७५ ची मॅच काडतुसं आणली. गेल्या रविवारी ६०० ला वीस गोळ्या, उभं पसरणं जवळजवळ निम्म्यावर. आडवं तेवढंच! पाणसळ लावलाय, रेल यायचाय.

नळीसाठी कारागिराकडे नोंदणी केली आहे, नंबर यायला वेळ आहे आणि परवान्यावरच्या नोंदीचा अर्जही दिला आहे. तोवर उरलेली सगळी काडतुसं मुद्दाम वाऱ्याच्या दिवशीच मारणार. वाऱ्याशीगप्पा, उकळी आणि तोंडावरचा वारा यातला फरक कसा ओळखायचा? मला दोन्ही सारखंच दिसतं.

वाऱ्याशीगप्पा

स्कोपमधून डोळा काढा आणि गालावर घ्या.